बिरदेवचं डिस्चार्ज बुक

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक माणूस दौंडला अनिता शितोळे यांच्या ऑफिसात आला आणि समोर खुर्ची असूनही उभाच राहिला.

ऑफिस म्हणजे स्टेशनरोडला झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. बाहेर 'शितोळे तपास सेवा' अशी पाटी. अनिताताईंनी दहा वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं, आणि माणूस खोटं कसा लिहितो हे तिथंच शिकून घेतलं होतं. एरवी त्यांच्याकडे यायची ती लग्नं जमवणारी माणसं. मुलगा दारू पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, असली कामं.

"बसा की," बाळासो म्हणाले.

बाळासो जगदाळे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ताईंची गाडी चालवणं आणि चुकीचा तर्क लढवणं ही दोन्ही कामं ते मनापासून करत.

माणूस हुकूम मिळाल्यासारखा बसला. वय पस्तिशीच्या पुढं, पाठ ताठ, डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागलेले. ताईंनी त्या डोक्याकडे पाहिलं. "वडील गेले का?"

"पाच तारखेला. मी बिरदेव म्हस्कू कोकरे, वडगाव रासाईचा. लान्स नायक होतो. सतरा वर्षं सर्व्हिस केली." तो थांबला. "माझं बुक चोरीला गेलंय, मॅडम. डिस्चार्ज बुक."

बाळासोंनी चहा सांगितला. बिरदेवनं तो घेतला नाही.

हकीकत त्यानं तारखेवार सांगितली. मुदत पुरी झाली म्हणून अठ्ठावीस फेब्रुवारीला तो फौजेतून सुटला. पलटणीनं हातात बुक दिलं. त्यात सतरा वर्षं कुठं काढली, का सोडलं, चारित्र्य कसं, सगळं सहीशिक्क्यानिशी. एक तारखेला घरी पोचला. वडील तेव्हा शिरूरला दवाखान्यात होते.

"तीन तारखेला आबांना पण डिस्चार्ज मिळाला. घरात सगळी हसत होती, बापलेक एकदमच सुटले म्हणून." बिरदेवनं डोक्यावरून हात फिरवला. "दोन दिवसांनी आबा गेले."

"आणि बुक?"

"माजी सैनिकांच्या जागेवर तलाठी म्हणून माझं नाव लागलंय. सोमवारी पुण्यात पडताळणी. मूळ बुक दाखवलं नाही तर नाव कटणार. रेकॉर्ड ऑफिसकडून दुसरी प्रत मिळते, पण सहा-आठ महिने जातात."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"तेरा तारखेला, शुक्रवारी. शिरूरला जाऊन झेरॉक्स काढली. घरी येऊन बुक परत खाकी लिफाफ्यात घातलं, सेलोटेप लावली, आणि काळ्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं. चौदाला दहावा झाला, सतराला तेरावा. अठराला ट्रंक उघडली तर लिफाफा नाही."

"कुलूप?"

"लावलेलंच होतं. किल्ली देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला असते, तिथंच होती. मेडलं, घड्याळ, वर्दी, कशाला हात नाही."

"संशय कुणावर?"

"संशय कसला, चोरानं कबूल केलंय." बिरदेवनं मूठ आवळली. "माझा धाकटा भाऊ, म्हाळू."

बाळासो खूश झाले. सुटलेली केस त्यांना फार आवडायची.

बिरदेव सांगत होता, "मी सतरा वर्षं बाहेर, त्यानं शेत केलं, आईबापाला बघितलं. मी आल्यापासून धुसफुसत होता. तेराव्याला म्हणाला, सुटून आलास आन् परत नोकरीच करायची व्हय? मग बुधवारी बुक गेलेलं कळल्यावर त्याला धरला. आधी म्हणाला, मी न्हाई. मी हात उचलला. भावकीसमोर, ओट्यावर. आई मध्ये पडली, काय हरवलंय तरी काय रं, म्हणून विचारायला लागली. तर हा एकदम तिला तोडून म्हणतो, मीच जाळलं. त्याच पावली त्याला घराबाहेर काढला."

"मग माझ्याकडे कशाला?"

"जाळलं नाही त्यानं. घरात कुठं राखेचा कण नाही. गावातल्या इंद्रजीतला दिलं असणार. तो पण माजी सैनिक, वेटिंग लिस्टला पहिला. मी कटलो की त्याचा नंबर. पोलिसात गेलो तर भावाला बेड्या पडतील आणि आई मरंल. मॅडम, सोमवारच्या आत मला बुक पाहिजे. सतरा वर्षांचा तेवढाच एक पुरावा आहे माझ्याकडं."

ताईंनी गाडीची किल्ली बाळासोंपुढे ठेवली. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या.

---

वडगाव रासाईत भीमेच्या कडेला कोकऱ्यांचं घर. गावात काल दारोदार गुढ्या होत्या, बहुतेक घरांच्या दारात रांगोळी अजून पुसट दिसत होती. ह्या दारात काही नव्हतं. ओट्यावर एक रिकामी बाज उभी करून ठेवली होती.

गिताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हातात एक बांगडी नाही. त्यांनी ताईंना न्याहाळलं.

"तुमी पोलीस का?"

"नाही आई. हरवलेली वस्तू शोधते."

"थोरल्याचं पुस्तक शोधा बाई. म्हाळूनं न्हाई ओ घेतलं. त्येला मी जलम दिलाय."

"दहाव्याला काय काय झालं, सांगाल?"

गिताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नदीवर समदी भावकी जमली. पिंड ठेवला, पर कावळा शिवंना. तास झाला, दीड तास झाला. कुनी म्हनलं नातवंडाचं नाव घ्या, कुनी म्हनलं शेताचं बोला. न्हाईच. मग थोरला पुढं झाला आन् म्हनला, आबा, म्हाळूला मी अंतर देनार न्हाई. तवा शिवला." त्या थांबल्या. "आन् चार दिसांत त्येला मारला."

बाळासोंनी उगाच चष्मा पुसला.

"मग आबांचं बोचकं सोडलं पान्यात. आमच्यात ठेवत न्हाईत मेल्या मान्साचं. घोंगडी, धोतर, गोळ्या, डिस्चार्जचं कागद, थोरल्यानं सांगितलं तसं समदं मीच बांधलं. मधी दगड घातला. थोरल्यानंच नेऊन सोडलं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"मेंढरामागं फिरनारी आमी. मला कोन शिकवनार?"

बिरदेवच्या बायकोला, अंकिताला, ताईंनी मागच्या अंगणात गाठलं. ती भांडी घासत होती. डोळे सुजलेले होते.

"ट्रंकेची किल्ली कोण कोण घेतं?"

"कुणीबी. लपवायची कुणापासनं?"

"दहाव्या दिवशी घरात तुम्ही होता?"

"सकाळपासनं चुलीफुडं. पन्नास माणसाचं जेवण. तांब्या कुठं, पाट कुठं, कागद कुठं, किल्ली कुठं, जो तो मलाच इचारत होता. कुणाला काय सांगितलं ते मलाबी ध्यानात न्हाई."

"आबांचा मृत्यूचा दाखला आला का?"

"न्हाई अजून. भावजींनी सावडायच्या दिशीच पंचायतीत अर्ज दिला, दवाखान्याचं कार्ड जोडून. तिथला शिपाई म्हणला, दाखला झाला की कार्डबी परत घरी आणून देतो." अंकिताचा हात थांबला. "ताई, भावजी असं करणार न्हाईत. पण ते सोताच म्हणत्यात केलं म्हणून. मग मी काय बोलू?"

---

इंद्रजीत गुऱ्हाळावर भेटला. तोही ताठ पाठीचा, पण ह्याच्या मिशीला पीळ होता. कढईतून वाफ येत होती आणि तो खुर्ची टाकून चुलाणाकडे बघत होता.

"मला ठाऊक होतं कोणीतरी येणार," तो म्हणाला. "बिरदेवचं बुक गेलं तर माझा नंबर लागतोय, हे शेंबड्या पोराला माहिती आहे. मग मी चोरीन का? पहिला मीच सापडणार."

"चौदा ते अठरा कुठं होता?"

"तेरा तारखेपासून वढू बुद्रुकला. महाराजांची पुण्यतिथी होती अमावस्येला. मंडपापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं आमच्याकडं. तिथंच राहत होतो, चाळीस पोरं बरोबर होती. विचारा कुणालाबी."

"म्हाळू भेटला होता मधे?"

"न्हाई." इंद्रजीतनं आवाज खाली आणला. "एक सांगू? जागा मला पाहिजे. घरी बसून माणूस कुजतो हो, काल सॅल्यूट करणारे आज हाकसुद्धा मारत नाहीत. पण बिरदेव आणि मी एकाच भरतीत पळालोय. असं त्याचं नाव कटून मला नको."

गाडीत बसल्यावर बाळासो म्हणाले, "हाच. किती गोड बोलतो बघा."

ताईंनी फोनवर वढूतल्या तीन माणसांना विचारलं. इंद्रजीत तेराच्या सकाळपासून अठराच्या संध्याकाळपर्यंत तिथून हललाच नव्हता. बाळासोंचा तर्क सालाबादप्रमाणे पडला.

---

म्हाळू भांडगावला, सोलापूर रस्त्यावरच्या एका पंक्चरच्या दुकानात होता. मित्राचं दुकान. तो टायर उघडत होता. गालावरचा वळ अजून गेला नव्हता.

"मी जाळलं. दादाला सांगितलंय. आता काय?"

"कधी काढलंत ट्रंकेतून?"

"सावडायच्या दिशी. सात तारखेला."

"कशात ठेवलं होतं ते?"

"कशात म्हंजी? ट्रंकेत."

"पिशवीत होतं, कापडात होतं, की उघडंच?"

म्हाळूनं पाना उचलला, परत ठेवला. "उघडंच होतं."

"का जाळलंत?"

"राग आला. सतरा वर्षं त्येची वाट बघितली. आला तवा वाटलं, आता दोघं मिळून करू. त्यो आपला परत जायचं बोलतोय." हे मात्र तो खरं बोलत होता. "लिहून घ्या आन् जावा ताई. दादाला म्हणावं, पोलिसात द्यायचं तर दे. फकस्त आईला काय इचारू नका. तिच्याशी ह्या इषयावर बोलूच नका."

ताईंनी वही मिटली. त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली. गप्प बसणं बाळासोंना जमत नसे.

"माझ्या हर्नियाच्या वेळचं आठवलं," ते म्हणाले. "सकाळपासून बायको पिशवी भरून बसलेली. डॉक्टर म्हणाले, डिस्चार्ज देतो. द्यायला संध्याकाळ झाली. आणि पुढं वर्षभर जो तो विचारतोय, डिस्चार्जचे कागद जपून ठेवलेत ना? घरात भांडण झालं की बायको म्हणायची, पुन्हा नाही बाई त्या डिस्चार्जच्या..."

"मामा, गाडी बाजूला घ्या."

बाळासोंनी घाबरून ब्रेक दाबला. ताई समोरच्या काचेतून बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. केस सुटली की त्या नेहमी एक विलायची तोंडात टाकत. आज त्यांनी डबी काढली आणि न उघडताच परत पर्समध्ये टाकली.

"काय झालं ताई?"

"चोर नाहीच ह्याच्यात. चोर असता तर बरं झालं असतं."

---

रविवारी सकाळी वडगावच्या घाटावर चार माणसं होती. ताई, बाळासो, बिरदेव, आणि बाळासोंनी भांडगावहून जवळजवळ ओढून आणलेला म्हाळू. भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. बंधाऱ्याचं पाणी अडवलेलं, त्यामुळे नदी संथ होती. जरा लांब कोंडिबा होडीवाला गळ घेऊन बसला होता.

"बुक मिळालं?" बिरदेवनं विचारलं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. माणसाची आशा कशात असते ते असं दिसतं.

"कुठं आहे ते कळलंय," ताई म्हणाल्या. "पण आधी ऐका. पहिली गोष्ट, ट्रंकेतलं घड्याळ तसंच, मेडलं तशीच. कुलूप परत लावलेलं, किल्ली परत खिळ्याला. चोर इतका नीटनेटका नसतो. घरातलंच कुणीतरी, एखादं काम उरकावं तसं, लिफाफा काढून घेऊन गेलं. लपवण्यासारखं काही त्याच्या मनात नव्हतंच."

"हा काय मग?" बिरदेवनं म्हाळूकडे हात केला.

"हा खोटं बोलतोय. म्हणतो, सात तारखेला काढलं, आणि उघडंच होतं. तुम्ही तेरा तारखेला त्याचीच झेरॉक्स काढलीत आणि टेप लावून लिफाफ्यात ठेवलंत. ह्याला लिफाफा माहीत नाही, झेरॉक्स माहीत नाही. ह्यानं ते बुक कधी हातातसुद्धा घेतलेलं नाही."

"इंद्रजीत?"

"तेरा ते अठरा वढूला. चाळीस साक्षीदार."

"मग म्हाळू कशाला कबूल झाला?"

"तेच मी मला विचारलं. तुम्ही मारत होता तेव्हा तो नाही म्हणाला. तुमची आई मध्ये आली, काय हरवलंय म्हणून विचारायला लागली, आणि त्या क्षणी हा म्हणाला, मी जाळलं. तिला पुढचा प्रश्न विचारू द्यायचा नव्हता ह्याला. भांडगावलाही मला एकच सांगत होता, आईशी बोलू नका."

म्हाळू उठला. "ताई, बास करा."

"बसा म्हाळू. तुम्ही तिला वाचवलंत, पण त्यापायी दादाचा गैरसमज जन्मभर राहील." ताई बिरदेवकडे वळल्या. "दहाव्याला बोचक्यात काय काय बांधायचं ते कुणी सांगितलं?"

"मीच. फौजेतली सवय. यादी करून सांगितली. घोंगडी, धोतर, काठी, औषधं..."

"आणि?"

"आणि दवाखान्याचे कागद."

"हेच शब्द वापरले होते? आठवा."

बिरदेव बोलायला लागला आणि थांबला. पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं, तो आवाज येत राहिला.

"आये, डिस्चार्जचे कागद पण बांध, म्हटलं होतं मी," तो हळू म्हणाला. "घरात काही ठेवू नकोस, म्हटलं."

"आईंनी मला तेच सांगितलं. डिस्चार्जचे कागद बांधले. आता तुमच्या बायकोनं काय सांगितलं ते ऐका. आबांचं दवाखान्याचं कार्ड म्हाळूनं सात तारखेलाच पंचायतीत दिलंय, ते अजून तिथंच आहे. म्हणजे चौदा तारखेला आबांच्या डिस्चार्जचा एकही कागद तुमच्या घरात नव्हता."

बाळासोंचं तोंड उघडं पडलं. त्यांना आत्ता कळत होतं.

"तुम्ही त्याला कायम बुक म्हणता. आईंना वाटतं फौजेचं एखादं पुस्तक. पण डिस्चार्जचे कागद म्हटल्यावर त्या अंकिताकडे गेल्या असणार, कुठं आहेत म्हणून. ती पन्नास माणसांच्या स्वयंपाकात. तिच्या लेखी घरात तेव्हा डिस्चार्जचे कागद एकच, तुमचे. ट्रंकेत वरच आहेत, म्हणाली असेल. तिला ते आठवतसुद्धा नाही. आईंनी किल्ली घेतली, खाकी लिफाफा काढला, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली. वाचता येत नाही त्यांना. मुलानं सांगितलेलं काम त्यांनी मुलानं सांगितलं तसं केलं."

"मला बुधवारी उमगलं," म्हाळू पाण्याकडे बघत म्हणाला. "दादा डिस्चार्ज बुक, डिस्चार्ज बुक म्हणून वरडत होता. कार्ड तर मी पंचायतीत दिलेलं. मग आईनं माझ्यासमोर काय बांधलं? तिला कळलं आस्तं तर तिथंच जीव सोडला आस्ता तिनं. आधीच आबा गेलेत."

बिरदेव उठला आणि दोन पायऱ्या उतरला.

"बोचकं मी सोडलं," तो म्हणाला. "कंबरभर पाण्यात जाऊन. ह्या हातानं."

ताईंनी कोंडिबाला खूण केली.

बाळासो कुजबुजले, "ताई, मेलेल्या माणसाचं सोडलेलं परत काढत नाहीत." पण ते अडवायला पुढे झाले नाहीत. कोंडिबानं तीनदा गळ टाकला. चौथ्यांदा काहीतरी जड लागलं. काळी घोंगडी पाणी पिऊन इतकी फुगली होती की ती घाटावर ओढायला म्हाळूला पाण्यात उतरावं लागलं.

गाठ बिरदेवनं सोडली. आबांचं धोतर, काठीचा तुकडा, दगड, गोळ्यांची पाकिटं. आणि खाली खाकी रंगाचा एक गोळा. टेप तेवढी शाबूत होती. त्यानं ती अलगद सोडवली तर आतलं सगळं बोटांना चिकटून आलं. शाईचा एक निळा डाग, शिक्क्याचा अर्धा गोल, आणि एका फोटोची पांढरी पाठ. फोटोत कोण होतं ते आता सांगता आलं नसतं.

बिरदेव त्या लगद्याकडे बघत उकिडवा बसला. रडला नाही. म्हाळूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बिरदेवनं तो हात झटकला नाही, पण धरलाही नाही. धाकट्याच्या गालाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

"आईला सांगायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "बुक ट्रंकेच्या तळाशी सापडलं, वर्दीच्या घडीत. म्हाळूनं काही केलं नव्हतं. मॅडम, तुम्ही पण हेच सांगायचं."

बोचकं त्यानं पुन्हा बांधलं, दगडासकट, बुकासकट. पुन्हा कंबरभर पाण्यात गेला आणि सोडून आला.

---

सोमवारी दुपारी बाळासो स्टेशनवर मुलाला सोडायला गेले, तर दोन नंबर फलाटाच्या बाकावर बिरदेव. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. घरून तो पडताळणीला म्हणून निघाला होता. बाळासोंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी सहाला ते मुद्दाम परत गेले. तो तिथंच होता.

पुढच्या आठवड्यात कळलं की नेमणूक इंद्रजीतला मिळाली.

चैत्र संपत आला तेव्हा एका सकाळी गिताबाई ऑफिसचा जिना चढून आल्या. एकट्या. दोन एसट्या बदलून. पदराला पुडी बांधलेली होती, ती सोडून त्यांनी ताईंच्या हातावर साखर ठेवली.

"थोरल्याला नोकरी लागली. ट्रेनिंगला गेलाय लांब," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार. पुस्तक सापडलं."

"चांगलं झालं आई," ताई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय असूनही त्यांना ते जड गेलं.

गिताबाई खुर्चीत बसल्या. दम लागला होता. बाळासोंनी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"पंचायतीचा शिपाई आला हुता मागल्या सोमवारी. दाखला दिला आन् ह्ये दिलं. म्हनला, आजी, ह्ये घ्या आबांचं डिस्चार्ज कार्ड." त्यांनी कागद टेबलावर ठेवून हातानं सारखा केला. "ह्ये जर डिस्चार्जचं कागद, तर मी बांधलं ते काय हुतं?"

खोलीत खालच्या झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. बाळासो खिडकीकडे वळले.

"नगा सांगू. कळलंय मला. भावकीतल्या पोरानं बघितलंय त्येला. कंपनीच्या गेटावर उभा आस्तो, येनाऱ्याजानाऱ्याच्या पिशव्या बघतो. फोनवर मला म्हनतो, ट्रेनिंग हाय आये, सुट्टी न्हाई. मी बी म्हनते, व्हय बाबा, मन लावून कर." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "म्हाळू घरी हाय. त्यो बी काय बोलत न्हाई. तुमी थोरल्याला सांगू नगा मला कळलंय म्हनून. त्येला वाटू दे."

"नाही सांगणार," ताई म्हणाल्या.

"एवढं वाचून दावा. काय लिवलंय ह्येच्यात, मला ठाव न्हाई."

ताईंनी कार्ड उचललं. वकिलाकडे शिकलेल्या सरळ आवाजात वाचायला लागल्या. रुग्णाचं नाव म्हस्कू दगडू कोकरे. वय बहात्तर. दाखल केल्याची तारीख. औषधांची नावं. आणि शेवटी, "प्रकृतीत सुधारणा झाल्याने रुग्णास घरी सोडण्यात येत आहे."

"घरी सोडलं?"

"हो आई."

"घरी सोडलं म्हंजीच डिस्चार्ज व्हय?"

"हो."

गिताबाईंनी कार्डाची परत तशीच घडी घातली, पिशवीत अगदी तळाशी ठेवली.

"मग थोरल्याचा डिस्चार्ज झालाच न्हाई म्हनायचा," त्या म्हणाल्या. "सतरा वर्सं वाट बघितली. एक महिना घरी ऱ्हायला, आन् मीच लावून दिला परत."

त्या उठल्या. शिरूरची गाडी किती वाजता आहे ते त्यांनी विचारलं. बाळासो किल्ली घेऊन त्यांच्या मागोमाग जिना उतरले.